मागचा डबा

"गाडी थांबली. दार उघडलं. आता काय?"

"आता बॅगा आत."

"कुठली आधी?"

"जड आधी. मग हलकी. मग मी."

"शाबास. चढ!"

ठकू चढली. म्हणजे दोन बॅगा ओढत आमच्या ऑफिसातल्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसली. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, कोपऱ्यात जुन्या गाडीचं काढून ठेवलेलं स्टिअरिंग, माझं टेबल आणि शिकायला येणाऱ्यांसाठी सहा खुर्च्या. त्या सहाही खुर्च्या ह्यांनी त्या दिवशी एकामागे एक लावून त्यांची आगगाडी केली होती. ठकूच्या बॅगा अजून भरायच्या होत्या, म्हणून वजनासाठी एकीत गाडीचा जॅक आणि दुसरीत माझ्या टेबलाखालचे जुने अर्ज कोंबले होते. शिकायला आलेल्या बँकेतल्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, कारण त्यांच्या खुर्चीचा तिसरा डबा झाला होता.

"मास्तर, माझा तास केव्हाच सुरू झालाय," त्या म्हणाल्या.

"दोन मिनिटं, बाई. विमान आत्ताच उतरलंय."

ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना ह्यांनी गाडी शिकवली आहे आणि उरलेल्या निम्म्यांच्या मागे 'शिका, शिका' म्हणून लागलेले आहेत. शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक मास्तरच्या. "तुम्ही फक्त पुढे बघा, बाकीचं माझ्यावर सोडा," हे ह्यांचं पहिल्या दिवशीचं वाक्य, आणि लोक सोडतात. सोडावंसं वाटावं असाच माणूस आहे. स्वतःबद्दल शंका म्हणून ह्यांना कधी शिवली नाही. ताप आला तर आधी थर्मामीटर बदलून बघतील.

एकाच माणसाला ह्यांना गाडी शिकवता आली नाही, ती म्हणजे आमची ठकू. एकुलती एक. लहानपणी जिथे बसवू तिथे बाहुलीसारखी बसून राहायची, म्हणून ठकू. वेळ आली की बाबांचा पाय ब्रेकवर आहेच हे तिला पक्कं ठाऊक, त्यामुळे तिने स्वतःचा पाय कधी ब्रेकवर नेलाच नाही. शेवटी ह्यांनी नाद सोडला. "पोरगी हुशार आहे, फक्त गाडीपुरती नाही," असं म्हणून प्रकरण मिटवलं.

अभ्यासात मात्र तिचा हात धरणारा कोणी नव्हता. नदीच्या गाळाचा अभ्यास करायला तिला परदेशातल्या कॉलेजात जागा मिळाली, वर शिष्यवृत्तीही. "गाळ बघायला एवढ्या लांब कशाला? आपली मोरी काय वाईट आहे?" असं मी म्हणाले, पण आतून मी फुलून गेले होते. आणि घाबरलेही होते. ही पोरगी दुकानदाराने सुटे कमी दिले तर मागत नाही. पत्ता चुकली तर कोणाला विचारण्यापेक्षा दोन तास चालेल. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे तिच्या जिवावर येतं. ती एकटी, परक्या देशात, दोन बॅगा घेऊन उभी आहे असं चित्र डोळ्यांपुढे आलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

ह्यांच्या पोटात असलं काही येत नव्हतं.

"हे बघ," हे मला म्हणाले, "विमानातून नेण्याचं काम विमानवाल्यांचं. शिकवण्याचं काम कॉलेजचं. विमानतळ ते शहर, एवढा मधला तुकडा कोणाचाच नाही. तो माझा. मी तिला इथे बसून तिथे पोचवतो की नाही बघ."

टॅक्सीचं भाडं ऐकून ह्यांना ठसका लागला. बस दोनदा बदलावी लागत होती. राहता राहिली आगगाडी. विमानतळाच्या पोटातच स्टेशन, आणि तिथून गाडी न बदलता थेट शहर. त्यातही दोन प्रकार निघाले. एक गाडी मध्ये कुठेच न थांबणारी आणि दुप्पट तिकिटाची, तर दुसरी मधल्या मोठ्या स्टेशनांवर थांबत जाणारी. "दुप्पट कशाचे? गाद्यांचे?" म्हणून पहिली बाद झाली. दुसरीचा मग ह्यांनी असा पिच्छा पुरवला की त्या रेल्वेवाल्यांनीही कधी पुरवला नसेल. तिकिटाच्या यंत्रावर कुठली भाषा कुठे निवडायची, तिकीट कुठे टेकवलं की फाटक उघडतं, सरकत्या जिन्यावर बॅग पुढे धरायची की मागे, सगळं ह्यांनी आधी स्वतः पाठ केलं आणि मग तिच्याकडून करून घेतलं.

आणि त्यात ह्यांना ते व्हिडिओ सापडले.

कुणातरी हौशी माणसाने आगगाडीच्या इंजिनात, ड्रायव्हरच्या शेजारी कॅमेरा लावून अख्खा प्रवास टिपला होता. पुढच्या काचेतून जसं दिसतं तसं. विमानतळ ते शहर, मध्ये एक क्षणही न गाळता. ह्यांना घबाड मिळाल्यासारखं झालं. रोज संध्याकाळी जेवण उरकलं की हे टीव्हीसमोर बसायचे आणि गाडी सुरू व्हायची. बोगदा आला की मान थोडी खाली घालायचे. वळण आलं की पाय जमिनीवर दाबायचे. "हा ड्रायव्हर चांगला आहे," मला सांगायचे, "ब्रेक बघ कसा लावतो, लोण्यासारखा." थोड्याच दिवसांत त्या मार्गावरचा प्रत्येक सिग्नल, प्रत्येक पूल, कुठल्या भिंतीवर काय रंगवलंय, हे सगळं ह्यांना तोंडपाठ झालं. आमच्या स्वतःच्या रस्त्यावर नवं किराणा दुकान झालंय हे मात्र ह्यांना मीच सांगितलं.

शहराचं स्टेशन आलं की हे व्हिडिओ थांबवायचे आणि पुढे वाकायचे.

"ठकू, इकडे ये. बघ. फलाटात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला काय दिसतं?"

"लिफ्ट."

"आणि जिने कुठे आहेत?"

"पार पुढे."

"म्हणजे गाडी पूर्ण आत जाऊन उभी राहिली की लिफ्टसमोर कुठला डबा येईल?"

"शेवटचा."

"झालं! दोन जड बॅगा घेऊन अख्खा फलाट कशाला तुडवायचा? आपण पहिल्यापासूनच शेवटच्या डब्यात बसायचं. उतरलीस की समोर लिफ्ट."

मलाही ते पटलं. कोणालाही पटलं असतं. असा विचार करायला डोकं लागतं आणि मायाही लागते. मला त्या संध्याकाळी ह्यांचं कौतुकच वाटलं, तोंडावर बोलले नाही एवढंच.

मधल्या एका जंक्शनवर गाडी जरा जास्त वेळ उभी राहायची. एकदा मी भाजी निवडता निवडता विचारलं, "अहो, ही इथे एवढी का रेंगाळते?"

"सिग्नल नसेल. नाहीतर ड्रायव्हर पाणीबिणी पीत असेल. त्याला काय, मागून हॉर्न मारणारं कोणी नाही." मग ठकूकडे वळून म्हणाले, "पण हे लक्षात ठेव. इथे गाडी थांबेल, लोक चढतील, उतरतील, धावपळ दिसेल. आपण उठायचं नाही. कोणी काही म्हणालं तरी नाही. परक्या ठिकाणी माणूस चुकतो तो अशाच वेळी, दुसरे उठले म्हणून उठतो. आपली जागा धरून बसायचं. काय करायचं?"

"जागा धरून बसायचं."

"कोणी काही म्हणालं तर?"

"तरी उठायचं नाही."

"शाबास."

निघायच्या दिवशी विमानतळावर मी रडले, ठकू रडली, हे मात्र बॅगांची चाकं तपासत होते. आत जाताना तिने मागे वळून बघितलं, तर ह्यांनी हात वर करून बोटाने मागे, मागे अशी खूण केली. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईला वाटलं की हे मुलीला परत बोलावताहेत. मला म्हणाली, "एवढा जीव तुटत असेल तर पाठवायचं कशाला?" मी तिला सांगत बसले नाही की ती डब्याची खूण होती.

दुसऱ्या दिवशी तिचं विमान उतरायच्या वेळी हे बँकेतल्या बाईंना चढावर गाडी थांबवून परत चालू करायला शिकवत होते. एक तास मी ऑफिसात बसून होते, तो तास कसा गेला ते मलाच ठाऊक. हे परत आले ते मोबाइल हातात धरूनच. "उतरली असेल. आता तिकीट काढलं असेल. आता बोगदा." असं ह्यांचं चाललेलं. मग पोचायची वेळ झाली, टळली, आणि काहीच आलं नाही. मी दोनदा उठून दारात गेले. "फोनला रेंज नसेल," हे म्हणाले. "मी स्टेशन बघितलंय, खोलगट आहे." बऱ्याच उशिराने तिचा निरोप आला: पोचले. खोली छान आहे. सगळं ठरल्याप्रमाणे.

ह्यांनी तो मला वाचून दाखवला. मग बँकेतल्या बाईंना. मग समोरच्या औषधांच्या दुकानात जाऊन वहिनींना. "सगळं ठरल्याप्रमाणे," हे म्हणायचे आणि मान हलवायचे. रस्त्यावर भेटेल त्याला सांगत सुटले. त्या आठवड्यात शिकायला आलेल्यांना गाडी कमी आणि परदेशातली रेल्वे जास्त शिकावी लागली. मला हसूही यायचं आणि बरंही वाटायचं. माणसाने एवढा आटापिटा केला, त्याचं सोनं झालं, मिरवू दे की.

माझं हे बरं वाटणं जेमतेम एक दिवस टिकलं. ठकूचा फोन आला तो ऑफिसच्या नंबरवर, आणि नेमका हे तासावर गेलेले असताना. ह्यांच्या तासांच्या वेळा तिला पाठ आहेत.

"आई, बाबा आहेत?"

"नाहीत. का गं? आवाज असा का?"

"काही नाही. बरी आहे मी. आई, तुला एक सांगायचंय, पण बाबांना नाही सांगायचं."

ती गाडी त्या जंक्शनवर मध्येच तोडतात. रोजच तोडतात, तशी पद्धतच आहे. पुढचे डबे शहरात जातात आणि मागचे डबे, दुसरं इंजिन लावून, भलत्याच दिशेला. ठकू बसली होती अगदी शेवटच्या डब्यात. शहर यायचं तेव्हा शेतं आली, आणि शेतं संपली तेव्हा एक लहानसं स्टेशन आलं. तिथे गाडीच संपली. फलाटावर चिटपाखरू नव्हतं. तिच्या फोनची बॅटरीही उतरली होती. बराच वेळ ती तिथे बाकावर बसून होती. मग फलाट झाडणाऱ्या एका बाईला तिने आपण होऊन विचारलं, त्या बाईने परतीची गाडी दाखवली आणि आपल्या खोलीत फोनही चार्ज करू दिला.

"तू विचारलंस? आपण होऊन?" मी म्हणाले.

"मग काय करणार होते?"

"अगं पण गाडीत सांगत नाहीत का, तोडणार म्हणून?"

"सांगत असतील. माझं लक्ष नसेल. आई, बाबांना नको सांगूस ना. त्यांनी एवढं सगळं केलं. त्यांना फार लागेल."

"नाही सांगत," मी म्हणाले. फोन ठेवला. आजवर बाबांना काय लागेल आणि काय नाही याचा हिशेब घरात फक्त मी ठेवत होते. आता तीही ठेवायला लागली होती, तेही इतक्या लांबून. मुलगी मोठी झाली म्हणतात ते हेच असावं, पण मला त्याचा आनंद काही झाला नाही.

झाकून ठेवणं मला तसं जमलं असतं. संसारात बायकांना ते शिकवावं लागत नाही. पण महिनाभराने औषधवाल्या वहिनी आपल्या धाकट्या मुलीला घेऊन ऑफिसात आल्या. धाकटीलाही त्याच शहरात प्रवेश मिळाला होता.

"मास्तर, हिलाही तुमच्या ठकूसारखं पढवून द्या," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे कोणाला काही कळत नाही. तुम्ही सांगाल तसं ही करेल."

ह्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. खुर्च्या ओढायला सुरुवात झालीच. "आमची ठकू डोळे मिटून पोचली, डोळे मिटून! पाच मिनिटांत तुला तयार करतो. ही गाडी. हे इंजिन. आता बघ, शहाणा माणूस कुठे बसेल?"

धाकटी गोंधळून पहिल्या खुर्चीकडे निघाली.

"चूक!" हे आनंदाने ओरडले. "एकदम शेवटी."

ती पोरगी निमूटपणे शेवटच्या खुर्चीत जाऊन बसली आणि पुढचं ऐकायला ह्यांच्याकडे बघू लागली. तिचा तो विश्वास मला बघवेना. आपली पोचली ती पोचली. ही पोरगी कुठल्या फलाटावर जाऊन रडत बसेल, आणि ते मला आजच माहीत असेल.

"अहो," मी म्हणाले, "जरा बाहेर या. गाडीतून कसला तरी आवाज येतोय."

"कसला आवाज? बंद गाडीतून?"

"या म्हणते ना."

गाडी दारातच उभी होती. मी सरळ शिकणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसले, तसे हे आपल्या जागेवर बसले. मी कधीच गाडी शिकले नाही, त्यामुळे त्या जागेवर मी पहिल्यांदाच बसत होते. दोघांनी दारं लावून घेतली.

"ठकू ठरल्याप्रमाणे नाही पोचली," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"गाडी मध्ये तोडतात. पुढचे डबे शहरात जातात. मागचे दुसरीकडेच. ती मागच्या डब्यात बसली होती."

हे हसले. "तोडतात कशी? मी शंभर वेळा बघितलीय गाडी. तुटली असती तर मला दिसलं असतं."

"कुठून दिसलं असतं?"

हे समोरच्या काचेतून बघत राहिले. मला त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. माणूस हुशार आहे, एकदा कळायला लागलं की पटकन कळतं.

"ते जंक्शनवर थांबतात ते..." हे म्हणाले.

"हो. पाणी प्यायला नाही थांबत."

"मागे डबे सोडत असतील. इंजिनातून ते दिसायचंच नाही." मग, "कुठे गेली होती?"

"कुठल्याशा खेड्यात. शेतं होती म्हणाली. बाकावर बसून होती, मग एका झाडूवाल्या बाईला विचारून परत आली."

"ठकूने विचारलं?"

"विचारलं."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"आणि मी इकडे गावभर नगारे पिटत हिंडतोय."

"तुम्ही एवढे खुशीत होतात. तीच सांगू नको म्हणाली."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? तुम्ही दोघींनी मिळून मला खेळवत ठेवायचं?" आवाज चढला होता, पण राग माझ्यावर नव्हता हे मला कळत होतं. मला त्या वेळी ह्यांची इतकी माया आली की मी हात धरला असता, पण रस्त्यावरून लोक जात होते. "मी तिला म्हणालो होतो, कोणी काही म्हणालं तरी उठायचं नाही," हे हळूच म्हणाले.

"तुम्ही तिच्या भल्यासाठीच म्हणालात."

"भल्यासाठीच तर. नाहीतर कोणी एवढं पाठ करून घेतं का?"

मला वाटलं की आता हे घरी निघून जातील आणि वहिनींना काहीतरी थाप मला मारावी लागेल. मी मनात ती जुळवायलाही लागले होते. पण ह्यांनी दार उघडलं, शर्ट नीट केला आणि सरळ ऑफिसात गेले. मी मागोमाग.

धाकटी अजून शेवटच्या खुर्चीत बसली होती.

"ऊठ," हे तिला म्हणाले. मग वहिनींकडे वळले. "वहिनी, मी आत्ता सांगितलं ते चूक आहे. ही गाडी मध्ये तुटते." शेवटच्या तीन खुर्च्या त्यांनी एकेक करून उचलल्या आणि माझ्या टेबलापलीकडे नेऊन ठेवल्या. "हे डबे असे भलतीकडे जातात. हे तीन शहरात. हिने पुढे बसायचं. पुढे म्हणजे किती पुढे, ते मला नक्की माहीत नाही. ते तिथे विचारून घ्यायचं."

"पण मास्तर," वहिनी म्हणाल्या, "तुमची ठकू तर मागेच बसली होती ना? व्यवस्थित पोचली म्हणालात."

"ती पोचली तिच्या अकलेने. माझ्या अकलेने ती शेतात गेली होती."

वहिनींना हसावं की काय करावं ते कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीकडे बघितलं. धाकटीने विचारलं, "मग काका, मी कोणाला विचारू?"

"कोणालाही. पण विचार. आणि एकालाच विचारून थांबू नकोस." एवढं म्हणून हे थांबले. एरवी तासभर बोलले असते.

वहिनी गेल्यावर ह्यांनी खुर्च्या परत भिंतीला लावल्या आणि बँकेतल्या बाई आल्या तेव्हा त्यांना घेऊन तासाला गेले. संध्याकाळी टीव्ही लावला, बातम्या बघितल्या. मी मुद्दाम काही काढलं नाही. जखमेवर फुंकर घालायची तर आधी ती माणसाने दाखवावी लागते.

ठकूचा फोन दर रविवारी सकाळी येतो. हे फोन टेबलावर ठेवून त्याचा आवाज मोठा करतात, म्हणजे दोघांना ऐकू येतं. तिची गाळाची कहाणी झाली, थंडीची झाली, खोलीतल्या हीटरची झाली. हे हं, हं करत होते. मग एकदम म्हणाले, "ठकू, गाडी तुटली ते मला कळलं."

पलीकडून, "आई!"

"माझ्या नावाने ओरडू नकोस," मी म्हणाले. "औषधवाल्यांची धाकटी शेवटच्या डब्यात बसायला निघाली होती."

"तिला ओरडू नकोस," हे म्हणाले. "तू मला सांग. त्या डब्यात भोंगा नव्हता का? गाडी तुटणार म्हणून सांगितलं नाही त्यांनी?"

"सांगितलं, बाबा."

"तुला ऐकू आलं नसेल. गडबड असेल."

"ऐकू आलं होतं."

"मग कळलं नसेल. त्यांचे उच्चार फार विचित्र. मी व्हिडिओत ऐकलेत."

मला वाटलं की आता ती हो म्हणेल आणि विषय संपेल. मी तर मनात म्हणतही होते, हो म्हण, बाई.

"कळलं होतं, बाबा," ती म्हणाली. "दोनदा सांगितलं, अगदी स्पष्ट. समोरच्या बाईंनी हाताने खूणही केली, पुढे जा म्हणून. मी बॅगेला हातसुद्धा लावला होता. पण तुम्ही म्हणाला होतात, कोणी काही म्हणालं तरी उठायचं नाही. मला वाटलं, बाबांनी सगळं बघितलंय. सांगणारेच चुकत असतील."

ह्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, परत उचलला. मला वाटलं की आता हे विनोद करतील, कारण ह्यांना दुसरं काही येत नाही. केलाही.

"मग आता एक कर," हे म्हणाले. "यापुढे माझ्यापेक्षा तिथल्या भोंग्याचं ऐकत जा."

"बरं," ठकू म्हणाली.

लगेच म्हणाली. 'असं काय हो, बाबा' एवढं तरी निदान म्हणेल, म्हणून हे थोडे थांबले होते. मी समोरच होते, मला दिसलं. मग ह्यांनी फोन माझ्याकडे सरकवला.

"घे," हे म्हणाले, "तुला काही विचारायचं असेल तर विचार. माझं झालं."